शब्दचर्चा : शिशाचं सोनं होतं, करतात, की काढतात?

शिक्षिका, महाल

नववीच्या वर्गासाठी मूलद्रव्यांवर भित्तिपत्रक करते आहे. 'शिशाचं सोनं करता येतं का?' हा मुलांचा आवडता प्रश्न, म्हणून तोच मथळा घेतला. दोन ठिकाणी शब्द अडला. शिसं, कथील, जस्त, तांबं, लोखंड या सगळ्यांना मिळून, सोन्याच्या तुलनेत, काय म्हणावं? 'हलके धातू' लिहिलं तर मुलं वजन समजतील, आणि शिसं तर चांगलंच जड. दुसरं असं की, प्रयोगशाळेत आज खरोखर जे घडतं त्याला 'किमया' म्हणावं का? विज्ञानाच्या कागदावर तो शब्द मला खटकतो, पण मुलांच्या ओळखीचा तोच आहे.

संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

ताई, आधी किमयेचं बघू. शब्द अरबी, 'कीमिया'. फारसीतून मराठीत आला आणि येताना कसबी माणसासाठी 'किमयागार'ही घेऊन आला. आज आपण 'निसर्गाची किमया' म्हणतो तेव्हा धातूंचा विचारही मनात नसतो. थक्क करणारी करामत एवढाच अर्थ उरला आहे. तुम्हाला खटकतं ते यामुळेच.

आपल्याकडचं जुनं नाव धातुवाद. आणि धातू पालटण्याच्या प्रत्यक्ष क्रियेचं नाव वेध. रसशास्त्रात 'रस' म्हणजे पारा. त्या पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितले आहेत आणि वेध हा त्यांतला जवळजवळ शेवटचा. त्याचे पाच प्रकार : लेपवेध, क्षेपवेध, कुंतवेध, धूमवेध, शब्दवेध. पत्र्यावर सिद्ध पाऱ्याचा लेप दिला तर लेपवेध, वितळलेल्या धातूत तो टाकला तर क्षेपवेध, त्याच्या धुराने काम झालं तर धूमवेध. इतकी बारीक परिभाषा आपल्याकडे असताना सगळं 'किमया' या एका शब्दात कोंबतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. धातूवर वेध साधला की तो पारा देहासाठी वापरायचा, असा या शास्त्राचा क्रम होता. म्हणजे धातू ही परीक्षा होती. ध्येय होतं निरोगी, टिकाऊ शरीर. रसायनशास्त्रातला 'रसायन' हा शब्दही मुळात आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचा, म्हातारपण लांबवणाऱ्या उपचारांचा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला मात्र रसग्रंथ थेट उपयोगी पडत नाहीत. तिथे 'लोह' म्हणजे कुठलाही धातू. सोनं, चांदी, तांबं आणि लोखंड हे शुद्धलोह. शिसं आणि कथील, म्हणजे नाग आणि वंग, हे पूतिलोह, कारण तापवल्यावर त्यांना दुर्गंधी येते असं मानलं. पितळ, कासं ही मिश्रलोहं. तुमच्या यादीतलं तांबं आणि लोखंड तिथे सोन्याच्या पंक्तीला बसतात.

सोनार, इतवारी

शब्द आहे जी, रोजच्या तोंडातला. हीण. 'यात हीण किती?' असंच आम्ही विचारतो. 22 कॅरेटच्या दागिन्यात 91.6 टक्के सोनं, बाकीचं हीण, म्हणजे तांबं-चांदी. त्यावरूनच हीणकस. फक्त एवढं ध्यानात ठेवा, सोन्यात मिसळली तर चांदीसुद्धा हीणच. म्हणजे सोन्याच्या हिशेबात जे जे कमी, ते हीण. तुम्ही 'हीण धातू' लिहा, मुलांना घरी विचारलं तरी कळेल.

किमयेबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्या धंद्यात सोन्याला तीन क्रियापदं लागतात : काढणं, चढवणं आणि करणं. ती एकमेकांत मिसळली की माणूस फसतो.

काढणं म्हणजे झारेकऱ्याचं काम. सराफ्यातली झाडलोट, कारागिराच्या बैठकीखालची धूळ, नालीतला गाळ तो पाण्याने धुतो. उरलेल्या जड गाळात पारा फिरवतो. पारा सोन्याचे कण गिळतो, मग तापवला की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल की चिखल आणि पारा यांचंच सोनं झालं. पण सोनं आधीपासून त्या चिखलात होतं. (पाऱ्याची ती वाफ विषारी असते. त्या कामाने माणसांची शरीरं खंगतात, हेही पत्रकावर यावं.)

चढवणं म्हणजे मुलामा. आत तांबं, वर सोन्याचा पातळ थर.

आणि करणं? ते आमच्या मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, कधी झालं नाही, होत नाही. मूस, टाकणखार, नवसागर, तेजाब (तीव्र आम्ल), हे सगळं वापरून सोनं शुद्ध करता येतं, पण नवं गुंजभरही होत नाही. 'सोनं दुप्पट करून देतो' म्हणणारा माणूस पाऱ्यात सोनं आधीच विरघळवून आणतो. डोळ्यांसमोर पारा उडवतो, खाली पिवळा कण दाखवतो, आणि बाई घरातला सगळा ऐवज त्याच्या हातावर ठेवते. असं उजाडलेलं घर मी पाहिलं आहे. म्हणून या तीन शब्दांचा मला आग्रह आहे.

भौतिकशास्त्राचे शिक्षक, अमरावती रोड

सोनारदादांची तीन क्रियापदं मी वर्गात वापरणार. त्यात 'रंगवणं' हे चौथं घाला. तांब्यात जस्ताचं खनिज घालून तापवलं की पिवळंधमक पितळ मिळतं. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या पाण्यात बुडवला की तांबूस होतो. वेध साधल्याच्या जुन्या वर्णनांपैकी बरीच अशीच असणार, असं माझं मत. ती लिहिणारे लबाड होते असं मी म्हणणार नाही. रंग, वजन आणि आगीत टिकणं याच खुणांवरून धातू ओळखायचा तो काळ होता.

आता 'करणं'. सोनं म्हणजे ज्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन आहेत ते. प्लॅटिनमचे 78, पाऱ्याचे 80, शिशाचे 82. मुशीतली आग, तेजाब, क्षार हे सगळं अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांशी खेळतं. केंद्राला धक्काही लागत नाही. दादांच्या मुशीत सोनं का होत नाही, त्याचं कारण हे. केंद्र बदललं तरच मूलद्रव्य बदलतं, आणि त्याला 'मूलद्रव्यांतरण' म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण स्वतःचा अर्थ स्वतः सांगतो.

हे खरंच घडलं आहे. 1919 मध्ये रदरफोर्ड यांनी नायट्रोजनवर अल्फा कणांचा मारा करून केंद्र बदलता येतं हे दाखवलं. 1924 मध्ये बर्लिनच्या मीथे यांनी पाऱ्याच्या दिव्यात सोनं सापडल्याचा दावा केला, पण ते आधीच मिसळलेलं निघालं, म्हणजे 'काढणं'च. पुढे 1941 मध्ये हार्वर्डमध्ये पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉन सोडून सोन्याची किरणोत्सारी समस्थानिकं (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त असे अणू) मिळवली. 1980 मध्ये बर्कलेला सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी बिस्मथपासून सोन्याचे अणू केले.

शिशाचं म्हणाल तर मे 2025 मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ॲलिस प्रयोगाने मोजमाप जाहीर केलं. शिशाची केंद्रं जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांना न धडकता अगदी जवळून जातात, तेव्हा त्यांच्या विद्युतचुंबकीय क्षेत्राने कधी कधी तीन प्रोटॉन निसटतात. 82 वजा 3, 79. 2015 ते 2018 या काळात अशी सुमारे 86 अब्ज केंद्रं तयार झाली. वजन किती? 29 पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले 29. तीही क्षणात, ज्या नळीतून केंद्रं धावतात तिच्या भिंतीवर आदळून फुटली.

वाचक, रामटेक

आमच्याकडे नागार्जुनाची टेकडी आहे. लहानपणापासून ऐकत आलो की नागार्जुन तिथे सोनं करायचा.

संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

ती परंपरा इथे खोल रुजलेली आहे. पण बौद्धांच्या माध्यमिक मताचा तत्त्वज्ञ नागार्जुन साधारण दुसऱ्या शतकातला मानतात, आणि रसशास्त्राचा नागार्जुन बराच अलीकडचा. अकराव्या शतकात भारताविषयी लिहिणाऱ्या अल्-बीरूनी या विद्वानाने रसविद्येतल्या नागार्जुनाला आपल्या आधी सुमारे शंभर वर्षं ठेवलं आहे. लोककथेने दोघांना एक केलं.

शिक्षिका, महाल

सर्वांचे आभार. 'हीण धातू' घेते. आता परिसाचं सांगा. परीस लोखंडालाच का लागतो, शिशाला का नाही?

संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

परीस हा 'स्पर्श'चा प्राकृतातून आलेला मुलगा, 'फरिस'वरून. म्हणजे नावातच नुसतं शिवणं आहे. भट्टी नाही, पारा नाही. आणि संतांना दाखवायचा होता कृपेचा स्पर्श, त्यासाठी गंजका, सगळ्यांच्या घरातला धातू हवा होता. नामदेवांनी परिसा भागवत या भक्ताचा परीस चंद्रभागेत टाकला ही कथा मुलांना आवडेल. भित्तिपत्रकात परीस वेगळ्या चौकटीत ठेवा. धातुवादाशी त्याची सरमिसळ नको.

शिक्षिका, महाल

मजकूर असा केला : 'हीण धातूंचं सोनं भट्टीत होत नाही. प्रयोगशाळेत शिशाचं सोनं होतं.' चालेल?

भौतिकशास्त्राचे शिक्षक, अमरावती रोड

दुसऱ्या वाक्यात 'शिशाच्या काही अणुकेंद्रांचं' हे शब्द घाला आणि खाली वजन द्या. नाहीतर उद्या तेच वाक्य कात्रण करून कोणीतरी इतवारीत फिरवेल.

सोनार, इतवारी

एक शंका आहे सर. असं केलेलं सोनं कसोटीवर घासलं, वर तेजाब लावलं, तर टिकेल का?

भौतिकशास्त्राचे शिक्षक, अमरावती रोड

दिसण्याइतकं जमलं तर टिकेल. तेजाबाला फक्त इलेक्ट्रॉन दिसतात, आणि ते सोन्याचेच असणार. फरक समस्थानिकाचा. निसर्गातलं सगळं सोनं 197 वस्तुमानांकाचं (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून 197), तेवढंच स्थिर. 198 चं झालं तर दर 2.7 दिवसांनी त्यातलं निम्मं पारा होऊन जातं.

सोनार, इतवारी

म्हणजे त्याला हॉलमार्क देताना तारीख आणि वेळ दोन्ही लिहावे लागतील.