मदत हवी आहे: यू म्योंग-वू यांच्या कारकिर्दीचे मोजमाप कसे करावे?

नमस्कार. आमच्या व्यायामशाळेच्या वार्षिक अंकासाठी मी दक्षिण कोरियाचे मुष्टियोद्धे यू म्योंग-वू यांच्यावर लेख लिहीत असून दोन ठिकाणी अडलो आहे.

यू यांनी ८ डिसेंबर १९८५ रोजी देगू येथे अमेरिकेच्या जोई ऑलिव्हो यांना गुणांवर हरवून डब्ल्यूबीए या जागतिक मुष्टियुद्ध संघटनेचे लाइट फ्लायवेट (सुमारे ४९ किलो) विश्वविजेतेपद मिळवले आणि ते सलग १७ वेळा राखले. डिसेंबर १९९१ मध्ये ओसाका येथे हिरोकी इओका यांनी ते हिरावून घेतले. अकरा महिन्यांनी यू यांनी त्याच शहरात त्याच प्रतिस्पर्ध्याकडून ते परत आणले. ३९ लढतींत पराभव तो एवढाच.

अडचण अशी की त्याच वजनगटात, त्याच देशात, चांग जोंग-गू हे डब्ल्यूबीसी या दुसऱ्या जागतिक संघटनेचे विजेते होते. त्यांनी १९८३ ते १९८८ या काळात १५ वेळा जेतेपद राखले आणि न हरता सोडून दिले. या दोघांची लढत कधीच झाली नाही, याची हळहळ मला लिहितानाही वाटते. आमचे प्रशिक्षक म्हणतात, "सतरा म्हणजे सतरा, त्यात काय लिहायचं?" मला मात्र हा हिशेब पुरेसा वाटत नाही. १९८२ मध्ये कोरियाचेच मुष्टियोद्धे किम डुक-कू यांचा लास वेगासमधील लढतीनंतर मृत्यू झाल्यावर डब्ल्यूबीसीने विश्वविजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आणल्या, तर डब्ल्यूबीएने तसे १९८७ मध्ये केले. त्यामुळे यू यांच्या सुरुवातीच्या लढती १५ फेऱ्यांच्या होत्या. पिशवीवर तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या मारल्या की माझे हात हनुवटीपाशी राहत नाहीत, म्हणून तेराव्या फेरीचे मोल मला जास्त वाटते. परंतु चांग यांनी हिलारियो सापाता यांच्यासारख्या मुरलेल्या विजेत्याला तिसऱ्याच फेरीत थांबवले होते, हेही डावलता येत नाही. जाणकार अशी तुलना करताना फेऱ्यांना अधिक वजन देतात की प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाला?

दुसरी शंका भाषेची आहे. ठोशांच्या अखंड माऱ्यामुळे यू यांना 'सोनागी', म्हणजे अचानक कोसळणारी सर, असे टोपणनाव पडले. मी 'वळीव' लिहिले आहे, पण वळीव म्हटले की आपल्याला ढगांचा गडगडाट आणि मातीचा वास आठवतो, आणि तो थोड्या वेळात ओसरतोही. यू तर शेवटच्या फेरीपर्यंत थांबत नसत. 'झड' म्हणावे, तर अचानकपणा जातो. योग्य शब्द सुचवल्यास आभारी राहीन. अंक पुढच्या आठवड्यात छपाईला जाणार आहे.