पावसातल्या मॅचचा स्कोअर तुम्हाला कसा कळायचा?

गिरगावकर
सत्तरच्या दशकात पावसाळ्यातल्या रविवारी मामा मला आझाद मैदानावर कांगा लीग, म्हणजे मुंबईतल्या क्लबांची भर पावसाळ्यातली क्रिकेट स्पर्धा, बघायला न्यायचा. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. एकाला लागून एक अशा 22 खेळपट्ट्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत, शेजारच्या मॅचचा डीप मिडविकेटचा फिल्डर आमच्या पॉइंटच्या फिल्डरला पाठ लावून उभा. धावफलक असलाच तर लांब, पावसात न दिसणारा. मामा म्हणायचा, "बॉल सोड, अंपायरकडे बघ." अहो, सगळीकडे मॅच चालू असेल तर अंपायरच 44! तुम्ही कसे ओळखायचात?

ओली वही
स्कोअररच्या मागे जाऊन उभं राहायचं, दुसरा उपाय नाही. माझे वडील क्लबचे स्कोअरर, त्यामुळे मला तंबूत जागा मिळायची. अंपायरने खूण केली की ते हात वर करायचे, तो दिसेपर्यंत अंपायर पुढचा बॉल टाकू द्यायचा नाही. शाई फुटते म्हणून वही पेन्सिलीने लिहायची आणि अंगापेक्षा वहीवर छत्री जास्त धरायची. ती धरायचं काम माझं.

रन तरी किती व्हायचे म्हणा! खेळपट्टी झाकायची नाही, गवत घोट्याच्या वर, जमिनीवरून मारलेला बॉल जागीच रुतायचा. म्हणून सगळे उचलून मारायचे. शंभरच्या आत डाव आटोपला तरी कुणाला नवल नाही. बॉल गवतात हरवला की फिल्डर "लॉस्ट बॉल" ओरडायचा. मग फलंदाजांना सहा रन, आधीच जास्त पळून झाले असतील तर तेवढे. 2017 मध्ये तो नियमच काढून टाकला.

रंकाळ्याचा
आमच्या कोल्हापुरात असला प्रश्नच न्हवता. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या फुटबॉलच्या टीमा समोरासमोर असल्या की गोल झालेला घरात भाकरी थापणाऱ्या आजीला बी कळायचा, एवढा आवाज. बाहेरच्या लोकांना गंमत वाटते की फुटबॉलच्या टीमला तालीम का म्हणतात. अहो, तालमीचीच पोरं ती, कुस्तीच्या आखाड्याशेजारी वाढलेली.

मी बारका, पायरीवर उभा राहिलो तरी पुढं नुसत्या पाठी. काका खांद्यावर घ्यायचे, पण कॉर्नर मिळाला की स्वतःच उड्या मारायचे. मला दिसायचं काय, तर आभाळ! आणि आपली तालीम हरली तर रात्री जेवताना कोण कुणाशी बोलायचं नाही. भात वाढ म्हणायचं पण धाडस न्हाई.

गिरगावकर
लॉस्ट बॉल! म्हणजे मामा "फुकटचे सहा दिले" म्हणून चिडायचा ते हे होय. पण आपला क्लब कुठला, ते कसं शोधायचं?

ओली वही
तंबू बघून. प्रत्येक क्लबचा तंबू ठरलेला, नेहमी येणाऱ्याला त्याच्या कनातीवरून कळायचं. दादर युनियन खेळत असेल आणि गावसकर दौऱ्यावर नसेल, तर तंबूही शोधावा लागायचा नाही. गर्दी निघाली त्या दिशेला चालायचं.

गिरगावकर
मामाचं म्हणणं, मी गावसकरला तिथे खेळताना बघितलंय. मी छत्र्या बघितल्या, एवढं कबूल करतो.