ओपन इलेक्टिव्हला 'दैनंदिन जीवनातील गणित' घेऊ का? (एफवाय बीए)

लातूर_एफवायबीए:
नमस्कार. मी लातूरला एफवाय बीएला आहे, मेजर राज्यशास्त्र. नवीन शैक्षणिक धोरणामुळे आम्हाला ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या फॅकल्टीतलं घ्यावं लागतंय आणि कॉलेजने लावलेल्या यादीत माझ्या टाइमटेबलला बसणारे दोनच विषय आहेत, एक पर्यावरणाचा आणि दुसरा 'दैनंदिन जीवनातील गणित'. दोन क्रेडिट, 50 मार्क. सिलॅबसमध्ये टक्केवारी, व्याज आणि हप्ते, सरासरी, तक्ते-आलेख वाचणं आणि थोडी संभाव्यता असं लिहिलंय. दहावीनंतर माझा गणिताशी संबंध सुटलाय. सीनियर म्हणतात आठवीचंच परत आहे, टाइमपास. दुसरे म्हणतात आर्ट्सवाल्यांनी गणिताच्या वाटेला जाऊच नये, सीजीपीए पडेल. मला पुढे पत्रकारितेत जायचंय म्हणून मन तिकडे ओढतंय. कुणी घेतलाय का, शिकवलाय का? खरंच काही हाताला लागतं की नुसती उदाहरणं सोडवायची?

संख्याशास्त्र_शिकवते:
घे. मी हाच विषय आर्ट्स आणि कॉमर्सच्या मुलांना शिकवते. आठवीचंच आहे हे अर्धं खरंय, म्हणजे भागाकार-गुणाकार आठवीचेच, पण आठवीत कशाला कशाने भागायचं ते पुस्तकच सांगतं, इथे समोर बातमी ठेवतात आणि भागायचं कशाने ते तुझं तुला ठरवायचं असतं. मुलं अडतात ती तिथेच.

तुमच्या लातूरचंच घे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, पाणी साधारण 5 लाख लिटर. 5 लाख म्हटलं की केवढं वाटतं! आता 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या होती पावणेचार लाखांच्या वर, 3.8 लाख धर. 5 भागिले 3.8, म्हणजे माणशी 1.3 लिटर. पुढे 50 वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, 25 लाख लिटर, तेव्हा माणशी साडेसहा लिटर. वर्गात इथे कुणीतरी हमखास विचारतं की मॅडम जनगणना 2011 ची आणि गाडी 2016 ची, मधे लोक वाढले असतील की. बरोबर आहे, मग 4 लाख धरून बघा, 1.25 आणि 6.25 येतं. म्हणजे लोकसंख्या नेमकी माहीत नसली तरी उत्तर फारसं हलत नाही, हे कळणं हाही अभ्यासाचाच भाग.

आता पुढची पायरी. शहराची पाणीयोजना आखताना माणशी रोज 135 लिटर हा निकष धरतात. त्याच्या मानाने साडेसहा लिटर म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. म्हणून गाडी बिनकामाची होती का? मुळीच नाही, प्यायला आणि स्वयंपाकाला तेवढं पाणी मिळणं त्या उन्हाळ्यात फार मोठी गोष्ट होती. पण 'रेल्वेने लातूरची तहान भागवली' आणि 'रेल्वेने शहराची पिण्यापुरती सोय केली' या दोन बातम्या वेगळ्या आहेत, आणि कुठली लिहायची ते या भागाकारावरून ठरतं. तुला पत्रकार व्हायचंय ना?

कर्जविभाग:
मी बँकेत आहे, माझ्याकडून फक्त व्याजाबद्दल, कारण या एकाच टॉपिकसाठी सुद्धा मी हा कोर्स सगळ्यांना कम्पल्सरी केला असता. लोक विचारतात '12 टक्के फ्लॅट' म्हणजे स्वस्त ना? 1 लाख कर्ज, एक वर्ष, 12 टक्के फ्लॅट. व्याज 12 हजार, एकूण 1 लाख 12 हजार, 12 हप्ते केले तर 9,333 चा हप्ता. पण बघा, दर महिन्याला मुद्दल फिटत जातंय, सहा महिन्यांनी जवळपास निम्मंच उरलंय आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर घेतलंय. तेच 12 टक्के घटत्या शिलकेवर लावले तर हप्ता 8,885 येतो आणि वर्षाचं व्याज 6,600 च्या आसपास. उलट्या बाजूने हिशोब केला तर तुमचे ते 12 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकेवरचे जवळपास साडेएकवीस टक्के झाले. एक्सेलमध्ये 12 ओळी मांडून बघ, स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किरकोळ कर्ज घेणाऱ्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावा लागतो, त्यात एपीआर लिहिलेला असतो, चार्जेस धरून वर्षाचा खरा दर. दोन कर्जांची तुलना त्या आकड्यावर करायची. तो कागद हातात घेऊन कुणी वाचतच नाही याचं फार वाईट वाटतं.

माजी_विद्यार्थी_बीए:
मी थोडं उलटं बोलतो. विषय चांगला, पण आमच्या कॉलेजात या नावाखाली वर्षभर काळ-काम-वेग, बोट आणि प्रवाह, वयवारी, असल्या ट्रिका घोटून घेतल्या. सीसॅटला, म्हणजे यूपीएससी पूर्वपरीक्षेतल्या कल-चाचणीच्या पेपरला, उपयोग होईल म्हणे. यूपीएससीत तो पेपर 2015 पासून 33 टक्क्यांपुरता पात्रतेचा आहे, त्याची तयारी ज्याला करायचीय तो क्लासला जाईल, त्यासाठी कॉलेजचे दोन क्रेडिट कशाला? तेव्हा आधी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मिळव. त्यात बातमी, बिल, तक्ता असं काही दिसलं तर डोळे झाकून घे, नुसती पाइप आणि टाकी असेल तर पर्यावरण बरं.

संख्याशास्त्र_शिकवते:
@माजी_विद्यार्थी_बीए हे शंभर टक्के मान्य. शिकवणाऱ्यावर खूप आहे आणि बऱ्याच ठिकाणी जो मोकळा असेल त्याच्या गळ्यात हा पेपर मारतात. प्रश्नपत्रिका बघण्याचा सल्ला एकदम योग्य.

न्यूजर्सीकर:
इकडे अमेरिकेत बऱ्याच कॉलेजांत क्वांटिटेटिव्ह रीझनिंग (आकड्यांवरून विचार करणं) ही पदवीची अटच असते, इतिहास नाहीतर संगीत घेतलेल्यांनाही, आणि त्यांना कॉलेज अल्जिब्राऐवजी असाच कोर्स घेता येतो. कुणी त्याला हलका समजत नाही. आपल्याकडे चालू होतोय हे वाचून खरंच बरं वाटलं.

लातूर_एफवायबीए:
सगळ्यांचे मनापासून आभार, रेल्वेचं उदाहरण घरी वाचून दाखवलं. अजून दोन शंका. एक, राज्यशास्त्राला हे कुठे लागतं? दोन, परीक्षेत कॅल्क्युलेटर देतात का, मला मोठे भागाकार हाताने जमत नाहीत.

संख्याशास्त्र_शिकवते:
राज्यशास्त्राला तर पदोपदी. 2019 च्या लोकसभेत भाजपला 37.4 टक्के मतं आणि 303 जागा, 2024 ला 36.6 टक्के मतं आणि 240 जागा. मतांचा वाटा किती घसरला? 0.8 टक्केबिंदू, म्हणजे मूळ वाट्याच्या साधारण 2 टक्के. जागा घटल्या 63, म्हणजे जवळपास 21 टक्के. एकजण लिहील जनाधार तसाच राहिला, दुसरा लिहील मोठी घसरण, आणि दोघांचेही आकडे बरोबर असतील. मग मतं आणि जागा यांचं प्रमाण असं सुटतं कशामुळे, कुठे मतं वाढली आणि कुठे कमी झाली, समोरच्यांची मतं कुठे एकत्र आली, हा प्रश्न तुझ्या राज्यशास्त्राच्या वर्गात न्यायचा. गणित तुला तिथपर्यंत आणून सोडतं, पुढचं उत्तर तुमच्या विषयाने द्यायचं.

कॅल्क्युलेटर आमच्याकडे साधा चालतो, तुमच्याकडचं विभागात विचारून घे. आणि भागाकाराला घाबरू नकोस, माझ्या पेपरात निम्मे मार्क वाक्यात लिहायला असतात, 'या तक्त्यावरून काय सांगता येणार नाही ते लिहा' असा प्रश्न दरवर्षी असतो, त्यात आर्ट्सची मुलं सायन्सवाल्यांपेक्षा चांगलं लिहितात.

लातूर_एफवायबीए:
सीनियरकडून मागच्या वर्षीचा पेपर मिळाला! वीजबिल दिलंय आणि युनिटच्या टप्प्यांवरून रक्कम तपासायला सांगितलीय, पाइप-टाकी कुठेच नाही. सोमवारी फॉर्म भरून टाकते.