दोन अ‍ॅरे जुळवताना मेमरी संपते (कृष्णेच्या पातळीच्या नोंदी)

जॅकवेलकाठ, सांगली

नमस्कार. आमचे आप्पा नदीकाठच्या एका पाणीपुरवठा संस्थेच्या जॅकवेलवर (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर) वॉचमन होते. पावसाळ्यात दर तासाला पट्टीवरचं पाणी बघून वहीत लिहायचं आणि पाणी चढायला लागलं की मोटारी वर घ्यायच्या, हे त्यांचं आणि त्यांच्या जोडीदाराचं काम. २०१५ ते २०२४ अशा दहा पावसाळ्यांच्या वह्या मी आणि भाच्यानं एक्सेलमध्ये चढवल्या. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे एकूण २९,२८० आकडे. त्याच जागच्या सेन्सरचे तेवढेच आकडे मिळालेत, तेही फुटांत.

आधी पायथनमध्ये फॉर लूप लावून (एकेक आकडा ओळीनं घेऊन) दोन बरोबर चिन्हांनी, म्हणजे तंतोतंत सारखा आहे का अशी, तुलना केली, तर जवळजवळ एकही आकडा जुळेना. मग नम्पायमध्ये (पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजमध्ये) दोन अ‍ॅरेंची (आकड्यांच्या याद्यांची) सरळ वजाबाकी केली, तर ६.३९ जीबी मेमरी मिळत नाही म्हणून प्रोग्रॅम बंद पडतो. लॅपटॉप ४ जीबीचा आहे. एवढ्याशा आकड्यांना इतकी मेमरी कशाला लागते?

सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका. तिथं अर्ध्या फुटावर लोकांची बिऱ्हाडं हलतात. म्हणून वही आणि सेन्सर कुठं फाटतात ते मला नीट कळायला हवंय.

कराडकर

ताई, दोन्ही अ‍ॅरेंचा शेप (किती ओळी, किती रकाने) छापून बघा. वहीचा (२९२८०, १) आणि सेन्सरचा (२९२८०,) असणार. पांडाजमधून (तक्ते हाताळायच्या पायथनच्या पॅकेजमधून) कॉलम घेताना चौकटी कंस दोनदा दिला की एका कॉलमचा उभा तक्ता हातात येतो. उभ्या तक्त्यातून साधी ओळ वजा करायला सांगितली की नम्पाय वहीतल्या प्रत्येक आकड्यातून सेन्सरचा प्रत्येक आकडा वजा करायला बसतं. ८५ कोटी ७३ लाख उत्तरं, दर उत्तराला ८ बाइट, ते तुमचे ६.३९ जीबी. लॅपटॉप लहान होता हे बरंच झालं. मोठ्या मशीनवर हे बिनतक्रार चाललं असतं आणि अधिक-उणे चिन्ह सोडून काढलेला सरासरी फरक म्हणून भलताच आकडा तुम्ही खरा धरला असता. कंस एकदाच द्या, किंवा रॅव्हेल करून (उभा तक्ता साध्या ओळीत आणून) घ्या. मग हे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

दोन बरोबर चिन्हं दशांशाला लावूच नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीजसुद्धा पायथनला ०.३ शी तंतोतंत जुळत नाही. इझक्लोज (थोडा फरक चालवून घेऊन तुलना करणारं नम्पायचं फंक्शन) वापरा, पण त्याचे ठरलेले आकडे तसेच ठेवू नका. आरटॉल (आकड्याच्या प्रमाणात दिलेली सूट) ०.००००१ असतो, म्हणजे ४० फुटांवर जेमतेम ०.०००४ फुटाची सूट. पट्टी इंचात वाचलेली आहे, तेव्हा आरटॉल शून्य आणि एटॉल (सगळ्या आकड्यांना सारखीच सूट) ०.०५ द्या, अर्ध्या इंचाच्या किंचित वर. ऑलक्लोज इथं नको, ते सगळ्याला मिळून एकच हो-नाही देतं. तुम्हाला तर कुठल्या तासाला फाटलं ते हवंय.

आणि पाणी चढत असतानाच्या वहीतल्या सलग चार-पाच ओळी इथं टाका. मला एक शंका आहे.

मिरजवाला

सेन्सरमध्ये रिकाम्या जागा असतील तर तिथं नॅन ('आकडा नाही' अशी खूण) येतो, आणि नॅन स्वतःशीही जुळत नाही. दोन्हीकडं आकडा आहे तेवढेच तास आधी इझनॅननं (नॅन ओळखणाऱ्या फंक्शननं) वेगळे काढा.

जॅकवेलकाठ, सांगली

शेप तुम्ही म्हणालात तसाच निघाला. कंस काढला आणि लगेच चाललं. तरी निम्म्याहून जास्त तास जुळत नाहीत. एक्सेलमधल्या ओळी अशा: ४१.८, ४१.९, ४१.१, ४१.११, ४२.

कराडकर

हेच वाटलं होतं. ४१.९ नंतर पाणी एका तासात पाऊण फुटाहून जास्त उतरलं आणि लगेच ४२ ला गेलं, असं चढत्या नदीत होत नाही. आप्पांनी फूट आणि इंच लिहिलेत. ते ४१ फूट १० इंच आहे. माझे वडील गवंडी. तेसुद्धा ५ फूट १० इंच म्हणजे ५.१० असंच लिहितात. एक्सेलनं ते दशांश समजून शेवटचं शून्य खाल्लं. खरा आकडा ४१.८३ आणि तुमच्याकडं ४१.१. तिथंच पाऊण फूट गेला. ४१.६ सुद्धा खरं म्हणजे ४१.५.

कॉलम मजकूर म्हणून वाचा, टिंबावर तोडा, इंच बारानं भागून फुटांत मिळवा. टिंबच नसेल तर इंच शून्य धरा. ज्या ओळी .१ वर संपतात तिथं एक इंच का दहा इंच ते प्रोग्रॅमला कळणार नाही. तेवढ्याच ओळी वहीशी ताडून बघा.

जॅकवेलकाठ, सांगली

दोन रात्री बसून .१ च्या सगळ्या ओळी वहीशी ताडल्या. दादा, तुमचे फार उपकार झाले. आता बहुतेक तास अर्ध्या इंचात बसतात.

जे बसत नाहीत त्यातले बरेचसे ऑगस्ट २०१९ च्या रात्रींचे आहेत. वहीत ओळीनं पाच-सहा तास एकच आकडा आहे, आणि सेन्सर तेव्हा चढताना दिसतो. आप्पांना विचारलं. म्हणाले, जॅकवेलची वाट पाण्याखाली गेली होती, बॅटरीच्या उजेडात पट्टी दिसत नव्हती, म्हणून शेवटचा बघितलेला आकडाच लिहीत राहिलो. ते तास मी तुलनेतून काढलेत आणि का काढले ते शेजारच्या कॉलमात लिहून ठेवलंय.