कंपनी म्हणते डोंगरावर दहा हजार रोपं लावू. होकार द्यावा का?

मावळतीचा_भोरकर:
गाव भोर तालुक्यात, घाटमाथ्याला लागून. मागचा डोंगर दर उन्हाळ्यात पेटतो. आता एक कंपनी दहा हजार रोपं आणि जेसीबीने चर मारून द्यायला तयार आहे. यादीत निम्मी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड). वरच्या कातळ पठारावरही खड्डे घेणार म्हणतात. जमीन काही गायरान, काही वनखात्याची. पुढच्या ग्रामसभेत ठरवायचंय. जाणकारांनी सांगावं.

ऐन_किंजळ:
यादी परत पाठवा. गिरिपुष्प झटपट हिरवं दिसतं, म्हणून लावणाऱ्याला सोयीचं. आपली गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. हिरवळीच्या खतापुरतं बांधावर असू दे, डोंगरभर कशाला?

आधी डोंगरावर जा आणि गवत बाजूला सारून बघा. ऐन, हिरडा, जांभूळ, कुंभा यांचे खुंट सापडतील. दर पावसाळ्यात ते फुटतात, उन्हाळ्यात वणवा फुटवे खातो. वर वीतभर झुडूप दिसतं, पण खालची मुळं तुमच्या आजोबांच्या वयाची असू शकतात. आग थांबली तर हे फुटवे खड्ड्यातल्या रोपाला सहज मागे टाकतील. म्हणून पैसा लावायचा तर जाळरेषांवर, म्हणजे वणवा अडवणाऱ्या गवत काढलेल्या पट्ट्यांवर लावा. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की पट्टे कापायचे. वनखात्याची हद्द असेल तिथे वनरक्षकाला बरोबर घ्या. पुढे पावसापर्यंत गावातलीच चार पोरं पगारावर राखणीला.

चरांचं म्हणाल तर हिवरे बाजारचा दाखला देतील. तिथे पाऊस जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर, थेंबन् थेंब अडवावाच लागतो. तुमच्याकडे त्याच्या कितीतरी पट कोसळतो. उभ्या उतारावर जेसीबीने माती मोकळी करून त्यात पाणी मुरवणं म्हणजे दरड बोलावणं. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, तेव्हापासून मी तरी उतारावर यंत्र म्हटलं की नकोच म्हणतो. कारवीचं रान (डोंगरउतारावरची झुडपं) असेल तर अजिबात उपटू देऊ नका, माती तीच धरून ठेवते.

पठाराला तर हातच लावू नका. रायरेश्वरला, कासला फुलं येतात ती त्या पातळ मातीवरच. तिथे झाड नाही म्हणजे ती जागा उजाड आहे असं नाही.

अकोल्याची_ताई:
दादांचं सगळं पटलं, पण शेळ्यांचं काय? राखण म्हटली की चराईबंदी आलीच. तिचा ठराव जमीनवाले करतात आणि भरतात भूमिहीन. हिवरे बाजारात चराई बंद केली, पण विळ्याने गवत कापून न्यायची मुभा ठेवली. तुम्ही डोंगराचे भाग पाडून आळीपाळीने बंद ठेवा, आणि शेळ्यावाल्या बायका बसल्याशिवाय ठराव करू नका. आमच्याकडे बाळहिरड्याचे (हिरड्याच्या कोवळ्या वाळवलेल्या फळांचे) पैसे हातात येतात, म्हणून हिरड्याला कुऱ्हाड लावायला कुणी धजत नाही. वनखात्याच्या तुकड्यासाठी सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो का बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात राखण्याचा आणि वाढवण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्येच तो मिळवला.

मावळतीचा_भोरकर:
ताई, शेळ्यावाल्यांची बैठक आधी घेतो, ते डोक्यातच नव्हतं. कंपनीला रोपांऐवजी राखणदारांचा पगार मागून बघतो. साहेब विचारतील, मग उद्घाटनाला फोटो कशाचा काढायचा?

ऐन_किंजळ:
खुंटाशेजारी उभे करा त्यांना. आणि पगार निदान पाच वर्षांचा लिहून घ्या, तीनवर भागत नाही.