फावडं न धरणाऱ्यानं ट्रेलवर किती हक्क सांगावा?

मुरूममाती

जंगलातल्या ट्रेलवर माउंटन बाइक चालवणाऱ्या प्रत्येकानं वर्षातले निदान दोन दिवस त्या ट्रेलच्या कामाला द्यायला हवेत. जो देत नाही, त्यानं ‘वरचं वळण उखडलंय, कुणी बघत कसं नाही’ अशी तक्रारही करू नये. सायकलनं उडी घ्यायला मातीचे उंचवटे जिथं रचतात तिथं एक नियम पूर्वीपासून चालत आलाय, ‘नो डिग, नो राइड’, म्हणजे खोदणार नाही त्यानं चालवू नये. तो डोंगरातही लागू व्हावा असं माझं स्पष्ट मत आहे.

परवाच्या राइडनंतर हे लिहायला बसलोय. मी बारा वर्षं एकाच ट्रेलवर चालवतो. तिथं एका सखल जागी पाणी साचतं. आधी ती वाट जेमतेम हातभर रुंद होती. चिखल नको म्हणून एक जण डावीकडून गेला, दुसरा उजवीकडून, आणि आता तिथं बैलगाडी वळेल एवढी जमीन उघडी पडलीय. परवा मी तिथं तासभर थांबलो. अकरा जण आले, अकराही कडेनं गेले. कार्बनच्या फ्रेम, पुढंमागं सस्पेंशन, बटणावर खालीवर होणारी सीट. डबक्यातून सरळ जाण्यासाठीच तर ही सायकल बनवलेली असते!

अमेरिकेच्या वनखात्यानं १९८४ मध्ये विल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलांत सायकलींना बंदी केली. वाटा एकेक करून बंद होतायत हे दिसल्यावर कॅलिफोर्नियातले क्लब एकत्र आले आणि १९८८ मध्ये इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन उभी राहिली. त्या लोकांनी अर्ज केलेच, पण हातात अवजारंही धरली, वाटा दुरुस्त केल्या आणि इतरांना ते काम शिकवलं. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलं.

सुटीचा_स्वार

पूर्ण असहमत. मी आठवड्याचे सहा दिवस काम करतो, घरी लहान मूल आहे. रविवारी सकाळचे दोन तास मिळतात, तेच माझे. त्यातलेही तुम्ही मागताय, आणि न दिल्यास तोंड बंद ठेवा म्हणताय. सार्वजनिक वाट ही श्रमदान करणाऱ्यांची खाजगी मालमत्ता होत नाही.

दुसरं म्हणजे हा हिशोब फक्त सायकलवाल्यांकडूनच का? १९९४ मध्ये विल्सन आणि सेनी या संशोधकांनी मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर चाचण्या घेऊन पाहिलं होतं. ओल्या वाटेवर चाकांपेक्षा घोड्यांच्या टापांनी आणि चालणाऱ्यांच्या बुटांनी जास्त माती मोकळी झाली. मग चालणाऱ्यांना कुणी फावडं घेऊन बोलावतं का?

मुरूममाती

चालणाऱ्यांनीही यावं, माझी ना नाही. पण तुम्ही सांगितलेली तुलना ठरावीक फेऱ्यांची आहे. सायकलवाला त्याच वेळात चालणाऱ्याच्या कितीतरी पट अंतर कापतो. शिवाय पावलांचे ठसे तुटक असतात, चाकाची चाकोरी सलग असते. पाण्याला तेवढंच हवं असतं. मागचं चाक लॉक करून वळणात घसरत जाणारे दहा जण आले की पुढच्या पावसात ओघळ तयार.

निचरा

मला दोघांचंही पटत नाही. ट्रेलचं सर्वांत मोठं नुकसान मी पाहिलंय ते उत्साहानं खोदणाऱ्यांकडून. त्यांत मीही होते.

पाच वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एका उतरत्या वळणाला उंच बर्म, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेला मातीचा तिरका बांध, रचला. परवानगी होती, माती चांगली होती, ठोकून ठोकून घट्ट केला. चालवताना काय सुख वाटायचं! पण वरून येणारं पाणी वळणात शिरायच्या आधी बाहेर काढायचं असतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. पहिल्याच मोठ्या पावसात बर्मच्या आतल्या बाजूला तळं साचलं, मग त्यानं बर्म फोडला आणि खाली गुडघाभर खोल घळ पडली. ती बुजवायला चार सुट्ट्या गेल्या. खालच्या झऱ्यात जी माती वाहून गेली ती कुणी परत आणली नाही.

वाट बांधणं म्हणजे नव्वद टक्के पाण्याचा विचार. डोंगराच्या सरळ उतारावरून खाली नेलेली वाट ही पन्हाळच असते, तिच्यावर कितीही श्रमदान करा. वाटेचा चढ हा ती ज्या उतारावरून आडवी जाते त्याच्या निम्म्याहून कमी हवा. उतार चाळीस टक्के असेल तर वाट वीस टक्क्यांच्या आत, आणि उतार फक्त दहा टक्के असेल तर पाच टक्क्यांच्या आत. नवखे फसतात ते या दुसऱ्या ठिकाणी. जमीन जवळजवळ सपाट दिसते म्हणून सरळ वाट काढतात आणि पाणी तिच्यातच शिरून बसतं. निम्म्याचा नियम पाळला तरी पूर्ण वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावा, म्हणजे वाट टिकते. बाहेरच्या कडेकडे पाचेक टक्के कल ठेवायचा, आणि मध्ये मध्ये वाटेला छोटा उलटा चढ द्यायचा, म्हणजे पाणी तिथं थांबून बाहेर पडतं. शेताची बांधबंदिस्ती ज्यानं केलीय त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल.

तेव्हा ‘प्रत्येकानं खोदावं’ हे मला धोक्याचं वाटतं. दहा माणसं शिकून खोदू देत. बाकीच्यांनी ब्रेक नीट लावायला शिकावं, तेवढं पुष्कळ.

सुटीचा_स्वार

हे पटलं. माझ्याकडून हवं तर पैसे घ्या, पण फावड्याचं प्रमाणपत्र मागू नका.

मुरूममाती

पैसे जरूर द्या. पण पैसे देणाऱ्याला पाणी कुठून येतं ते कळत नाही. एकदा भर पावसात त्या वाटेवर उभं राहून पाणी कुठून येतं, कुठं जातं ते बघितलेला माणूस पुढं आयुष्यभर चिखलात कडेनं जात नाही. मला खरं तर खोदकामाहून हेच जास्त हवंय.

रीपॅकप्रेमी

मूळ लेखात महागड्या सायकलींवर काढलेला राग मला खटकला. या खेळाचा जन्मच सामानाशी झटापट करण्यातून झालाय. २१ ऑक्टोबर १९७६ ला कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत रीपॅकची पहिली शर्यत झाली, ती जुन्या जाड टायरच्या सायकलींवर. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. पुढच्या एक-दोन वर्षांत जो ब्रीझनं खास या कामासाठी फ्रेम बनवल्या. चांगल्या सामानाची ओढ या संस्कृतीच्या मुळातच आहे.

आणि आजचे डिस्क ब्रेक एका बोटानं हवे तेवढेच लावता येतात. चाक लॉक न करता वेग कमी करता येणं हे वाटेच्या भल्याचंच आहे.

निचरा

ब्रेकबद्दल सहमत, पण बाकीचं सामान विसरू नका. पूर्वी हेड अँगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन, एकाहत्तर अंशांच्या आसपास असायचा, आता चौसष्ट-पासष्टच्या सायकली सर्रास दिसतात. पुढचं चाक लांब गेलं, सीट खाली जाते, त्यामुळे ज्या उतारावर आधी लोक उतरून चालत होते तिथून आता सरळ खाली येतात. येऊ देत. पण ज्यांना तेही जमत नाही ते बाजूनं नवी वाट पाडतात, किंवा रात्रीतून दगडच उपटून टाकतात. कुणीतरी मेहनतीनं दगड बसवून ती जागा पक्की केलेली असते. जमत नसेल तर उतरून चाला, त्यात कमीपणा काय?

रीपॅकप्रेमी

दगड उपटण्याबद्दल +१. माझं डोकंही त्यावर फिरतं.

देवराई

मी सायकल चालवत नाही, चालते. तुमच्या चर्चेत एक गोष्ट अजून आलीच नाही. परवानगीशिवाय काढलेल्या चोरवाटांचं काय? ‘आधी खोदू, मग मान्यता मिळेल’ असं बोलताना मी स्वतः ऐकलंय. अशी वाट नेमकी झऱ्यावरून किंवा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जागेतून गेली, तर मान्यता मिळून काय उपयोग?

टायरच्या मातीचंही तेच. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणारा रोग मातीतून, बुटा-चाकांना चिकटून पसरतो. त्यापायी २०१८ मध्ये ऑकलंडजवळच्या वाइताकेरे रांगांतल्या बहुतेक जंगलवाटा बंद कराव्या लागल्या. एका जंगलातून दुसऱ्यात जाताना टायर धुता का, हे मला तुमच्यापैकी प्रत्येकाला विचारायचंय.

मुरूममाती

मी सायकल धुतो ती घरी आल्यावर, तीही साखळीसाठी. जंगल बदलताना धुवायचं कधी मनात आलं नव्हतं. यापुढं धुवेन.

चोरवाटांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ज्याची जमीन, त्याला आधी विचारायचं. वनखातं असो की खाजगी मालक.

निचराताई, तुमच्या मुद्द्यावर माझं म्हणणं दुरुस्त करतो. प्रत्येकानं खोदावं असं नाही, पण प्रत्येकानं एकदा तरी जाणत्या माणसाबरोबर कामाच्या दिवशी यावं. फांद्या उचला, दगड वाहा, नुसतं बघा. सुटीच्या स्वारांना हेही जास्त वाटत असेल तर आमचा मतभेद राहू दे.

आता मदत हवीय. त्या सखल जागी खालच्या कडेला अर्धगोल चर काढून पाणी बाहेर सोडायचा विचार आहे. चालेल?

निचरा

खालच्या बाजूला जमीन खरंच उतरती आहे का, आधी ते बघा. असेल तर चर काढा, पण चांगला तीन मीटर रुंद आणि पसरट. अरुंद चर दोन पावसांत पाल्यानं बुजतो. वाफसा येईपर्यंत मातीला हात लावू नका, चिखलात ठोकलेली माती वाळली की तडकते.

जागा चारी बाजूंनी सपाट असेल तर चर काढून काही होणार नाही. पाण्याला जायला जागाच नाही. मग तो तुकडा सोडून वाट वरच्या अंगाच्या उतारावर न्यावी लागेल, आणि ते काम परवानगीचं आहे. वनरक्षकांना जागेवर घेऊन जा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर, म्हणजे समजावून सांगावं लागणार नाही. तोवर दोन्ही बाजूंच्या फाटलेल्या वाटांवर वाळक्या फांद्या आडव्या टाका. जाड, काटेरी, आणि वाटेच्या तोंडापासून नजर जाईल तिथपर्यंत. नुसत्या तोंडाशी टाकल्या तर लोक त्यांना वळसा घालून पुढं जातात.