अपलोड लागतोच कुठे?

घरच्या इंटरनेटवर अपलोडचा (आपल्याकडून बाहेर डेटा पाठवण्याचा) वेग कमी का, असं विचारलं की ‘घरच्या माणसाला अपलोड लागतोच कुठे’ असं उत्तर मिळतं. ते मला अर्धंच पटतं. मिळत नाही, म्हणून आपण न मागायची सवय लावून घेतली.

हिशेब बघा. १० जीबी फोटो १ एमबीपीएसने (सेकंदाला १ मेगाबिट) वर चढवायला २२ तासांहून जास्त लागतात, १०० एमबीपीएसने जेमतेम सव्वातेरा मिनिटं. एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट. त्यातला ‘ए’ म्हणजेच असमान. तांब्याच्या तारेत वारंवारतेचा मोठा पट्टा डाउनलोडला दिला, तिथे अडचण खरी होती. फायबरवर ती सबब चालत नाही. जीपॉन या घरोघरी फायबर पोचवायच्या पद्धतीतही सेकंदाला खाली २.४८८ आणि वर १.२४४ गिगाबिट असतात (अनेक घरांत वाटून, हे मान्य).

मी जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड (फाइली-फोटो साठवायचा स्वतःचा क्लाउड) चालवतो. बॅकअप सुरू झाला आणि घरात कुणाचा व्हिडिओ कॉल असला की आतून हाक येते, ‘बंद कर ते तुझं!’ अपलोड तुंबला की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात, म्हणून सगळंच रखडतं. राउटरवर एसक्यूएम (डेटाची रांग तुंबू न देणारी सोय) लावून अपलोड थोडा कमी बांधला, तेव्हा कुठे शांतता झाली.

घरच्याच मशीनवरून चालवलेल्या साध्या मजकुराच्या साइटला मात्र ५ एमबीपीएससुद्धा भरपूर. तिथे खरा अडसर सीजीनॅटचा, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते त्याचा. राउटरचा वॅन पत्ता (कंपनीकडून त्याला मिळालेला आयपी पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला, तर बाहेरून येणाऱ्याला तुमचं दारच सापडत नाही. आधी आयपीव्ही६ मिळतं का बघा; या नव्या पद्धतीत पत्ते मुबलक असल्याने ते वाटून घ्यावे लागत नाहीत. नसेल तर व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा खासगी बोगदा (व्हीपीएन), म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच मशीनवर भिस्त.